चित्र नसलेलं पान: लहान गोबींसाठी ‘कॅटलॉग ऑफ फिशेस’

बोटाच्या पेरापेक्षा लहान अशा गोबी नावाच्या माशाची जात ठरवायची असली की मी सगळ्यात आधी जे पान उघडते, त्यावर माशाचं एकही चित्र नाही. नकाशा नाही, रंगांची यादी नाही, फोटो टाकला की नाव सुचवणारं बटण नाही. बारीक टायपातला सलग मजकूर आणि त्यात ठासून भरलेले संक्षेप, एवढंच. तरीही माशांच्या नावांसाठी इंटरनेटवर जेवढी साधनं मी वापरते, त्यांत पहिला मान याचाच. नाव ‘एश्मायर्स कॅटलॉग ऑफ फिशेस’. कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेस या संस्थेच्या संकेतस्थळावर तो आहे, विनामूल्य आहे, आणि वापरायला खातं उघडावं लागत नाही.

हा रिव्ह्यू प्रवाळातल्या लहान गोबींपुरताच आहे. बटरफ्लाय फिश किंवा एंजल फिश ओळखायला बरा फोटो आणि एखादं सचित्र पुस्तक पुरतं. गोबींचं तसं नाही. मी पाण्याखाली जवळून फोटो काढते, आणि आमच्या डायव्हिंगच्या गटातल्या सगळ्यांच्या फोटोंना नावं लावायचं काम माझ्याकडे असतं. त्या ढिगात सगळ्यात जास्त वेळ गोबींवर जातो, आणि मला सगळ्यात जास्त आनंदही त्यांच्यावरच मिळतो.

पुढे वाचण्याआधी दोन शब्दांचं ठरवून घेऊ. ‘प्रजाती’ म्हणजे शास्त्रीय नावाचा पहिला शब्द, आणि ‘जाती’ म्हणजे दोन्ही शब्द मिळून होणारं पूर्ण नाव. मराठीत हल्ली दोन्हींची सरमिसळ होते, म्हणून सांगितलं.

तर अडचण अशी आहे. गोबी आणि त्यांचं अगदी जवळचं भावंड-कुल (कुल म्हणजे जवळच्या प्रजातींचा मोठा गट) मिळून जातींची संख्या दोन हजारांच्या आसपास जाते. पृष्ठवंशी प्राण्यांतल्या सगळ्यात मोठ्या कुलांत गोबींची गणना होते. प्रवाळावर हमखास भेटणाऱ्या एविओटा आणि ट्रिमा या दोन प्रजातींतच प्रत्येकी शंभरावर जाती आहेत आणि दोन्हींत अजून भर पडते आहे. यातले बहुतेक मासे पूर्ण वाढूनही दोन-तीन सेंटिमीटरचे. 1981 साली विंटरबॉटम आणि एमरी यांनी हिंदी महासागरातल्या चागोस द्वीपसमूहातून ट्रिमाटॉम नॅनसचं वर्णन केलं. त्याची मादी सेंटिमीटरभर लांब व्हायच्या आतच अंडी घालण्याच्या वयात येते. एविओटा सिजिलाटाचं आयुष्य तर जास्तीत जास्त 59 दिवस भरलं. ग्रेट बॅरियर रीफवरच्या माशांवर काम करून डेप्झिन्स्की आणि बेलवुड यांनी 2005 साली हे दाखवलं, आणि पृष्ठवंशी प्राण्यांत इतकं छोटं आयुष्य तोवर कुणाचंच नोंदलं गेलेलं नव्हतं. म्हणजे तीन महिन्यांनी त्याच खडकावर परत गेलात तर तिथे दिसणारा प्रत्येक सिजिलाटा नवा. अंड्यातून बाहेर येणं, तरंगत्या पिल्लाचे आठवडे, प्रवाळावर उतरणं, जोडी, अंडी, सगळं दोन महिन्यांच्या आत उरकतं. हे वाचल्यापासून एविओटाच्या फोटोवर घाईघाईने नाव डकवणं मला जमत नाही.

इतक्या लहान आणि इतक्या सारख्या माशांत फरक करायचा कशावरून? रंगावरून, हे अर्धंच उत्तर. एविओटांच्या वर्णनांत पुन्हा पुन्हा येतात त्या गोष्टी अशा: डोक्यावरच्या संवेदी नलिकांची छिद्रं किती आहेत आणि कोणती गायब आहेत, पाठीवरच्या दुसऱ्या परात आणि गुदपरात आधाराच्या काड्या किती, छातीच्या पराच्या काड्या टोकाला फाटलेल्या आहेत की एकसंध, पोटाखालच्या परातली पाचवी काडी आहे, नुसती खूण म्हणून आहे, की मुळीच नाही, नराच्या जननांकुराला झालर आहे का, आणि गुदपरापासून शेपटीपर्यंत खालच्या कडेला कातडीखाली गडद ठिपके किती. ट्रिमाच्या डोक्यावर ही छिद्रंच नसतात. तिथे दोन डोळ्यांच्या मधली खाच किती खोल, कल्ल्याच्या झाकणावर आणि पाठीच्या परापुढे खवले आहेत का, पहिल्या परातला दुसरा काटा लांब होऊन मागे किती पोचतो, असं बघत जावं लागतं.

यातल्या काही गोष्टी चांगल्या फोटोत दिसतात. पाठीचे पर पूर्ण उघडलेले असताना नेमका बाजूने फोटो मिळाला तर काड्या मोजता येतात, शेपटीकडचे ठिपके मोजता येतात, लांब काटा दिसतो. डोक्यावरची छिद्रं मात्र मासा हातात असल्याशिवाय आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्याशिवाय कळत नाहीत. तज्ज्ञ त्यासाठी नमुन्याला निळा रंग देतात, म्हणजे छिद्रं आणि संवेदी कणांच्या ओळी उठून दिसतात. या ओळींच्या अभ्यासात जपानचे निवृत्त सम्राट अकिहितो यांचं नाव आदराने घेतलं जातं. गोबींवरचं त्यांचं संशोधन 1960च्या दशकात सुरू झालं आणि 2021 साली त्यांनी इकेदा यांच्यासोबत कॅलोगोबियस या प्रजातीच्या दोन नव्या जातींचं वर्णन केलं. साठ वर्षं एका लहान माशाच्या डोक्यावरच्या ठिपक्यांच्या ओळी मोजत राहणं, ही निष्ठा मला फार मोठी वाटते.

आता कॅटलॉगकडे वळते. मासा ओळखून देणं हे त्याचं कामच नाही. त्याचं काम आहे प्रत्येक नावाचा दाखला सांगणं: हे नाव कुणी, कधी, कुठल्या पानावर, कुठून पकडलेल्या कुठल्या माशाला दिलं, आणि आज ते नाव चालू आहे की दुसऱ्या एखाद्या नावात विलीन झालं आहे. विल्यम एश्मायर यांनी 1980च्या दशकात हे काम हाती घेतलं. आधी 1990 साली फक्त प्रजातींच्या नावांचा ग्रंथ निघाला, मग 1998 साली जातींसकट तीन जाडजूड खंड. आता सगळं इंटरनेटवर आहे. फ्रिके आणि व्हॅन डर लान यांची नावं एश्मायर यांच्यासोबत संपादक म्हणून येतात आणि साधारण दर महिन्याला मजकूर ताजा होतो. आज ग्राह्य मानलेल्या माशांच्या 36,000 पेक्षा जास्त जाती त्यात आहेत. पण मला त्याहून मोलाची वाटतात ती बाद झालेली नावं, कारण ती कुणी काढून टाकलेली नाहीत. कोणतं नाव कशात गेलं, कुणी नेलं, आणि कुणाला ते पटलं नाही, याची वाट तिथे तशीच उघडी आहे.

शोधायला साधं आहे. प्रजातीसाठी, जातीसाठी आणि संदर्भासाठी वेगळा शोध घेता येतो. ‘सिजिलाटा’ टाकलं की नोंद जातीच्या शब्दाने सुरू होते, त्यामागे वर्णन करताना दिलेली प्रजाती, मग ज्युएट आणि लाखनर, 1983. त्यापुढे पान, आकृती, नियतकालिक. मग मूळ नमुना कुठून मिळाला ते ठिकाण. मग होलोटाइप, म्हणजे ज्या एका माशावर ते नाव कायमचं टांगलेलं असतं तो, आणि तो कुठल्या संग्रहालयात कुठल्या क्रमांकाखाली ठेवलाय. यूएसएनएम दिसलं की वॉशिंग्टनचं स्मिथसोनियन म्युझियम, बीपीबीएम म्हणजे होनोलुलूचं बिशप म्युझियम, आरओएम म्हणजे टोरांटोचं रॉयल ऑंटारिओ म्युझियम. हे संक्षेप सुरुवातीला डोळ्यांसमोर गर्दी करतात. संग्रहालयांच्या संक्षेपांची यादी तिथेच आहे, आणि गोबींच्या बाबतीत तीच ती पाच-सहा संग्रहालयं पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे थोड्याच दिवसांत ती तोंडपाठ होतात. त्याच्या खाली कोणत्या अभ्यासकाने ते नाव ग्राह्य धरलं, कुणी दुसऱ्यात घातलं, याची ओळ. सगळ्यात शेवटी आजची स्थिती, कुल आणि आढळ.

या सगळ्यात गोबीवाल्यांनी अगदी लक्ष देऊन वाचायची ओळ म्हणजे मूळ नमुन्याचं ठिकाण. तिचं महत्त्व मला नेमॅटिलिओट्रिसच्या उदाहरणात सगळ्यात स्पष्ट दिसतं. हे बिळाच्या तोंडाशी पाण्यात तरंगत राहणारे, पाठीवरचा पहिला काटा उभा करून हलवणारे देखणे मासे. 1973 साली रँडल आणि अ‍ॅलन यांनी यातल्या नेमॅटिलिओट्रिस हेलफ्रिची या जातीचं वर्णन केलं, फ्रेंच पॉलिनेशियातल्या माशावरून. पुढे पश्चिम आणि मध्य पॅसिफिकमधल्या तशाच दिसणाऱ्या जांभळट माशांनाही सगळे हेलफ्रिचीच म्हणत राहिले. फोटोंखाली तेच नाव, मत्स्यालयांच्या दुनियेत तेच नाव. 2023 साली टी आणि लार्सन यांनी ते वेगळे असल्याचं दाखवलं. मग हेलफ्रिची हे नाव कुणाकडे राहणार? ज्याचा होलोटाइप त्याच्याकडे. फ्रेंच पॉलिनेशियातल्या माशाकडे ते राहिलं आणि जगभरच्या फोटोंत ज्याला आपण ओळखत होतो त्याला नवं नाव मिळालं, नेमॅटिलिओट्रिस लॅव्हँड्युला. कोणता मासा जास्त प्रसिद्ध आहे याला इथे काडीची किंमत नाही. नाव नमुन्यासोबत जातं आणि नमुना ठिकाणासोबत. मी फोटोची नोंद करताना ठिकाण आणि खोली आग्रहाने मागते ते यासाठीच. दहा वर्षांनी एका जातीच्या दोन झाल्या तर जुना फोटो कुठल्या बाजूला जाईल हे तेवढ्यावरून ठरू शकतं.

दुसरं उदाहरण एविओटाचं. 1976 साली लार्सन यांनी एविओटा पेल्युसिडाचं वर्णन केलं. नंतर बरीच वर्षं दुसराच एक मासा, पोटाकडे काळा, पेल्युसिडा म्हणून वावरत होता. 2012 साली ग्रीनफील्ड आणि सुझुकी यांनी त्याला एविओटा अट्रिव्हेंट्रिस हे स्वतःचं नाव दिलं आणि आतापर्यंत त्याला चुकून पेल्युसिडा म्हटलं जात होतं हे निबंधाच्या शीर्षकातच लिहून टाकलं. आता कल्पना करा, 2012 पूर्वीचा फोटो, खाली ‘पेल्युसिडा’. चित्राला चित्र जुळवणाऱ्याला तो पुरावा वाटेल. कॅटलॉगमध्ये दोन्ही नावांच्या नोंदी वाचणाऱ्याला वर्षं दिसतात, आणि वर्षं दिसली की त्या जुन्या फोटोखालच्या नावावर किती विसंबायचं ते कळतं. फोटोवरून नाव सुचवणारी अ‍ॅप्स मीही वापरते. पण ती आधीच नावं लावलेल्या फोटोंवरून शिकतात, म्हणून लहान गोबींत त्यांच्याकडून मी प्रजातीपर्यंतच मदत घेते.

लेखकाच्या नावाभोवतीच्या कंसाकडेही लक्ष द्या. व्हॅलेन्सिएनिया स्ट्रिगाटा (ब्रूसोने 1782) असं लिहिलेलं दिसलं की समजायचं, ब्रूसोने यांनी हे नाव दुसऱ्या प्रजातीत दिलं होतं. कॅटलॉगमध्ये ती प्रजाती लगेच दिसते: गोबियस. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात गोबीसारखा दिसणारा जवळजवळ प्रत्येक मासा गोबियसमध्ये टाकला जायचा. प्रवाळाच्या फांद्यांत बसणारा लिंबासारखा पिवळा गोबिओडॉन सिट्रिनस 1838 साली रुपेल यांनी तांबड्या समुद्रातून सांगितला तोही गोबियस म्हणूनच. गोबिओडॉन ही प्रजाती ब्लीकर यांनी वेगळी काढली ती 1856 साली. याउलट एविओटा आणि ट्रिमा या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या प्रजाती, एविओटा जेन्किन्स यांची 1903ची, हवाईवरून, आणि ट्रिमा जॉर्डन आणि सील यांची 1906ची, सामोआवरून. त्यांतल्या बहुतेक जातींना कंस नाही, कारण त्या जन्मल्याच त्या नावाने. गोबींचा शोध किती उशिरा सुरू झाला हे या कंसांवरूनही वाचता येतं. जाळ्यात न येणारे, गळाला न लागणारे हे मासे कुणी पाण्याखाली जाऊन शोधेपर्यंत फारसे कुणाच्या हाती लागतच नव्हते.

वर्गीकरणासाठी कॅटलॉगमध्ये एक वेगळं पान आहे. त्यात प्रत्येक कुलात नियमाप्रमाणे दिलेली नावं किती आहेत, किती जाती ग्राह्य आहेत आणि गेल्या दहा वर्षांत किती नव्या आल्या याचा तक्ता मिळतो. गोबींची ओळ मी अधूनमधून उगाचच जाऊन बघते. आकडा वाढलेला असतो आणि मला आनंद होतो. पण कुल पाहताना जुन्या पुस्तकांतून शिकलेल्यांचा गोंधळ उडू शकतो. 2009 साली क्रिस्टीन थॅकर यांनी डीएनएच्या आधारे गोबींच्या गटाची नवी मांडणी केली. जुनं मोठं कुल दोन शाखांत गेलं. एका शाखेला आज ऑक्सुडर्सिडी म्हणतात. चिखलावर उड्या मारणारे आपले निवटे तिकडे गेले, आणि खाडीतले, गोड्या पाण्यातले पुष्कळसे गोबीही. प्रवाळावरचे बहुतेक सगळे गोबीइडीत राहिले. उलट पूर्वी वेगळ्या कुलांत मांडलेले काही गट गोबीइडीत आत आले, वर सांगितलेला नेमॅटिलिओट्रिस त्यांपैकीच. म्हणून एखाद्या जुन्या यादीत तो गोबींमध्ये सापडला नाही तर यादी खोटी नाही, ती 2009 पूर्वीच्या मांडणीची आहे. कॅटलॉग नवी मांडणी पाळतो. मला ती पटते, कारण दिसण्यावरून जे वेगळं वाटत होतं ते नात्याने आतलंच निघालं, आणि नावांची रचना नात्यावर उभी असायला हवी.

उणिवाही स्पष्ट सांगते.

पहिली म्हणजे, तुमच्याकडे नावाचा निदान एक उमेदवार नसेल तर कॅटलॉग काहीच करू शकत नाही. ‘लाल, पारदर्शक, डोळ्यामागे पांढरी रेघ’ असं त्याला विचारता येत नाही. दुसरी, आजची स्थिती म्हणून जे लिहिलेलं असतं तो संपादकांनी छापील संशोधन वाचून घेतलेला निर्णय असतो. तो विचारपूर्वक असतो, पण त्यामागची कारणं तिथे नसतात, संदर्भ असतो. कारणांसाठी मूळ निबंधच उघडावा लागतो. तिसरी गोष्ट प्रवाळावर काम करणाऱ्यांना सगळ्यात जास्त जाणवते: ज्याचं अजून वर्णनच झालेलं नाही तो मासा कॅटलॉगमध्ये असणं शक्य नाही. लहान गोबींत असे पुष्कळ आहेत. 2014 साली विंटरबॉटम आणि सहकाऱ्यांनी ट्रिमाच्या नमुन्यांचे डीएनए बारकोड (जात ओळखायला वापरतात ते डीएनएचे ठरलेले तुकडे) तपासले, तेव्हा दिसण्यावरून एकच समजल्या गेलेल्या कित्येक जातींच्या पोटात जनुकीयदृष्ट्या वेगळे गट निघाले. तेव्हा सगळ्या नोंदी वाचूनही तुमचा मासा कशातच बसत नसेल तर त्याला ओढूनताणून बसवू नका. ‘ट्रिमा, जाती अनिश्चित’ ही माझ्या यादीत मानाने लिहिलेली नोंद आहे, आणि अशा नोंदी तिथे बऱ्याच आहेत.

मोबाइलवर हे पान वाचणं मला जड जातं. लांबलचक परिच्छेद, मध्ये मोकळी जागा नाही. मोठ्या पडद्यावर, जवळ वही ठेवून बसलात तर ठीक.

म्हणून नुसत्या कॅटलॉगवर मी थांबत नाही. उमेदवार शोधायला फिशबेस उघडते. 1996 पासून इंटरनेटवर असलेल्या या कोशात फोटो आहेत, आढळाचे प्रदेश आहेत, एका प्रजातीतल्या सगळ्या जाती एका पानावर बघता येतात. तिथून दोन-तीन नावं हाताशी आली की कॅटलॉगमध्ये त्यांच्या नोंदी. नोंदीतून मूळ निबंधाचा पत्ता. जुनी वर्णनं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत स्कॅन करून ठेवलेली सापडतात. एविओटासाठी लाखनर आणि कार्नेला यांचा 1980चा स्मिथसोनियनचा प्रबंध मोफत मिळतो, छिद्रांच्या आकृत्यांसकट. ट्रिमासाठी विंटरबॉटम यांनी 2019 साली सचित्र किल्ली प्रसिद्ध केली आहे आणि तीही खुली आहे. ‘किल्ली’ म्हणजे जोडी-जोडीने प्रश्न: कल्ल्याच्या झाकणावर खवले आहेत की नाहीत? आहेत तर अमुक प्रश्नावर जा, नाहीत तर तमुक. काही नवी वर्णनं मात्र वर्गणीच्या कुंपणाआड असतात. तिथे निदान गोषवारा वाचावा, त्यात मुख्य फरक बहुधा दिलेले असतात.

प्रवाळाच्या कोणत्या भागावर मासा बसला होता याला यात मोठं स्थान आहे. ब्रायनिनॉप्स योंगी हा चाबकासारख्या लांब प्रवाळाच्या दांडीवर राहतो, ब्रायनिनॉप्स नॅटन्स मात्र फांद्यांच्या प्रवाळावर पाण्यात तरंगतो, गुलाबी डोळ्यांचा. दोन्ही एकाच प्रजातीतले, आणि नॅटन्सचं वर्णन लार्सन यांनी 1985 साली त्या प्रजातीच्या सविस्तर आढाव्यात केलं. फोटो काढताना माशाइतकाच त्याखालचा प्रवाळ चौकटीत आला पाहिजे. आमच्या गटात बहुतेकांची सवय मासा भरभरून घेण्याची. मी प्रत्येकाला एक फोटो लांबून काढायला लावते. गोबिओडॉनच्या बाबतीत तर कुठल्या अ‍ॅक्रोपोरा प्रवाळावर तो बसलाय यावरून उमेदवारांची यादी निम्मी होऊ शकते. कोळंबीसोबत बिळात राहणाऱ्या अँब्लिएलिओट्रिस, क्रिप्टोसेंट्रस, स्टोनोगोबिऑप्स या प्रजाती त्यामानाने मोठ्या आणि पट्ट्यांनी ठळक. त्यांच्यासाठी इतकी खटपट लागत नाही, पण सोबतची कोळंबी फोटोत असली तर जरूर ठेवा.

एकूण मत द्यायचं तर लहान गोबींच्या नावांसाठी पाचपैकी पाच. मासे ओळखायला नुकतीच सुरुवात केली असेल तर पाचपैकी दोन. आधी फिशबेसवर फिरा, प्रजाती ओळखू यायला लागल्या की इकडे या. मत्स्यालयासाठी मासा घेताना फक्त नाव हवं असेल तर इथे न आलात तरी चालेल. पण फोटोखाली एखादं नाव लिहून ते दुसऱ्यांच्या हाती देत असाल, मग तो डायव्हिंगचा गट असो की एखाद्या किनाऱ्याची जातींची यादी, तर हे पान वाचल्याशिवाय लिहू नका.

आणि लिहाल तेव्हा जातीच्या पुढे लेखक आणि वर्ष घाला, शेजारी कॅटलॉगची नोंद कोणत्या तारखेला पाहिली तेही. मजकूर महिन्या-महिन्याला बदलतो. तारीख लिहिलेली असली की पुढे तुमची यादी तपासणाऱ्याला कळतं, त्या दिवशी ते नाव ग्राह्य होतं आणि फरक नंतर पडला.